तुमच्या वतीने दिलेला नकार

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमची नात आता पंधरा वर्षांची आहे. शाळेच्या बँडमध्ये ती बास गिटार वाजवते. गेल्या महिन्यात तिला कपाटात तुमच्या तिन्ही सीडी सापडल्या. आमच्याकडे सीडी लावायला काही नाही, म्हणून मैत्रिणीच्या आजीकडे जाऊन तिनं त्या ऐकल्या, तीन-चार शनिवार. परवा जेवताना तिनं मला विचारलं, आजोबांनी गाणं का थांबवलं. ती माझ्याशी जर्मनमध्येच बोलते, फक्त 'आजोबा' हा शब्द तेवढा मराठी राहिला आहे. मी नेहमीचं उत्तर दिलं, "तुझ्यासाठी." तिनं चमचा खाली ठेवला. "मी एक वर्षाची होते," ती म्हणाली. "मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही सगळे ही गोष्ट अशी सांगता, जसं काही माझ्या हातून काहीतरी फुटलंय." मग ती उठून खोलीत गेली.

ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सासूबाई पुण्याहून आल्या की बिल्डिंगमधल्या मराठी बायकांना सांगतात, हिच्या वडिलांनी ऐन भरात असलेले कार्यक्रम सोडले आणि नातीला सांभाळायला येऊन राहिले, असा माणूस विरळा. बायका 'हो ना' म्हणतात. मी चहा ओतत असते. गोष्ट सुंदर आहे आणि ती मी तयार केलेली आहे. खरं काय झालं ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तुम्हालाही नाही.

लुडविग्सहाफेनचं आपलं स्वयंपाकघर मला फार आठवतं. मी सहा वर्षांची असताना आपण आलो. तुम्ही केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, घरी आल्यावर हात कोपरापर्यंत धुवायचात आणि तरी वास जायचा नाही. पुण्याला असताना तुम्ही गणपतीच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचात. ती गिटार तिकडेच राहिली होती. मग एकदा लॅबमधले सहकारी तुम्हाला कुठल्याशा बारमध्ये घेऊन गेले, तिथे अमेरिकन सैनिकांची गर्दी असायची, आणि स्टेजवर एक माणूस आडवी गिटार पोलादी पट्टीनं वाजवत होता. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "अगं, आपलीच मींड आहे ती. फक्त टोपी वेगळी." पुढच्या रविवारी तुम्ही जुनी गिटार विकत आणलीत. दोन वर्षांत तुम्ही स्वतःची गाणी करायला लागलात, जर्मनमध्ये, कंट्रीच्या चालीवर. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या सायकलींवर, न जाणाऱ्या वासावर, ट्रामच्या थांब्यावर पिशवी पोटाशी धरून उभ्या असलेल्या आईवर.

आईला ते गाणं आवडायचं नाही. "मी काय अशी दिसते?" ती म्हणायची. आणि तुम्ही तालमीच्या नादात ताटावर बसलात की, "अहो, ती टोपी काढून जेवा." कारखान्यानं माणसं कमी केली, तेव्हा बावन्नाव्या वर्षी तुम्ही नोकरी सोडली आणि सेकंडहँड व्हॅन घेतली. बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी आईला विचारलं, आता काय करणार. आई म्हणाली, "लोक रिटायर झाल्यावर देवळं बघतात. हे कॅम्पिंगची मैदानं बघणार आहेत." पण पहिल्या दौऱ्याच्या वेळी पहाटे उठून तिनं वीस दशम्या केल्या होत्या, हेही मला आठवतं. पाच वर्षांनी ती गेली. पंधरा दिवसांनी तुम्ही परत व्हॅन काढलीत. मला तो तुमचा कोरडेपणा वाटला होता. तुम्ही घरात थांबू शकत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

एका उन्हाळ्यात, शिक्षण संपून नोकरी लागायच्या मधल्या काळात, मी तुमच्याबरोबर फिरले. गाडी चालवायची, सीडीचं टेबल मांडायचं, आवाज नीट येतो का ते मागे उभं राहून बघायचं. ट्रकवाल्यांचे मेळावे, वाइनफेस्ट, वेस्टर्न क्लब, आणि एकदा तर अग्निशमन दलाच्या गाडीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम. पोस्टरवर 'भारतीय काउबॉय' असं छापलेलं असलं की तुम्ही खिशातून मार्कर काढून 'भारतीय' खोडायचात. एका क्लबात डोक्याला पिसं लावलेला, अंगावर कातडी कपडे घातलेला एक जाडजूड माणूस तुमच्यासमोर येऊन उभा राहिला. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, त्यानं तुमच्याकडे. "आपल्यातला एक जण चुकीचा इंडियन आहे," तुम्ही जर्मनमध्ये म्हणालात. तो इतका हसला की त्याची पिसं गळून पडली. नंतर तो तुमच्या दहा-बारा कार्यक्रमांना तरी आला असेल.

त्या उन्हाळ्यात मला कळलं की तुम्ही चांगले आहात. तोपर्यंत मी लाजत होते. शाळेत मैत्रिणींना मी सांगितलं होतं की माझे वडील 'संगीतात काहीतरी' करतात. पण त्या मेळाव्यात, ताडपत्रीवर पाऊस वाजत असताना, तुम्ही ते निरोपाचं गाणं म्हणालात. आधी लोकांना समजावून सांगितलंत की आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मग धृपदाला दोनशे ट्रक ड्रायव्हर बियरचे ग्लास वर करून 'येतो, येतो' म्हणत होते. मी टेबलामागे उभी होते आणि माझ्याच्यानं सुटे पैसेही परत देववत नव्हते.

आणि तुम्ही कधीही कार्यक्रम रद्द केला नाहीत. ताप होता तरी नाही. एकदा हार्त्सच्या बाजूला एका हॉलमध्ये अकरा माणसं आली होती, तुमच्या अंगात कणकण होती, मी म्हटलं, बाबा, आज सांगून टाकू या, तब्येत बरी नाही म्हणून. तुम्ही माझ्यावर चिडलात. तुम्ही फार कमी चिडायचात, म्हणून लक्षात आहे. "अकरा माणसं घरातून निघून आलीत," तुम्ही म्हणालात. "तब्येतीचं कारण मेलेल्या माणसानं द्यावं." आणि दोन तास गायलात.

तुमचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. तुम्ही जर्मन बोलायचात छान, पण लिहिताना 'डेअर, डी, दास' ह्या लिंगांमध्ये अडकायचात. अगदी मी शाळेत असल्यापासूनचं हे. फोडणी टाकता टाकता ओळ म्हणून दाखवायचात आणि विचारायचात, "इथे डेअर की दास?" मी सांगायचे. मग तुम्ही म्हणायचात, "पण चुकीचं जास्त चांगलं वाजतंय गं." पुढे ईमेल आले. तुमच्या नावाची मेलपेटी होती आणि ती मी उघडायचे. आयोजकांना उत्तरं मी द्यायचे, तुमच्या नावानं, खाली तुमची सही. तुम्ही ती कधी वाचूनही बघितली नाहीत. "तू लिहिलंस ना, मग झालं."

तुमचं दौऱ्यांचं बारावं वर्ष चालू होतं, तेव्हा मी एश्बॉर्नला होते. लेक एक वर्षाची झाली होती आणि माझी एल्टर्नत्साइट, बाळंतपणानंतरची रजा, संपत आली होती. मला एका मोठ्या प्रोजेक्टची जबाबदारी देऊ केली होती आणि ती माझ्यासाठी आणखी थांबणार नव्हती. ह्यांचं काम म्युनिकला, आठवड्यातले चार दिवस. कीटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा नव्हती. सहा ठिकाणी नाव घातलं होतं आणि सहाही ठिकाणी आम्ही यादीत कुठेतरी खाली होतो. सासूबाई व्हिसाचे तीन महिने संपवून परत गेल्या होत्या. ते दिवस मी कसे काढले, हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसे दिवस सगळ्यांचेच असतात.

त्याच वेळी तुम्ही एका पत्राची वाट बघत होता. उत्तरेकडची एक आयोजक बाई दरवर्षी उन्हाळ्यात एक दौरा काढायची. गावोगावची वाचनालयं, जुनी सिनेमाघरं, लहान सभागृहं. ट्रकमेळावे नाहीत, बियर नाही. लोक खुर्चीवर बसून शब्द ऐकतात असे कार्यक्रम. तुम्हाला तेच हवं होतं. दोन वर्षं तुम्ही तिला सीडी पाठवत होता. आमच्याकडे आलात की दारातच विचारायचात, "आलं का गं काही?" मी नाही म्हणायचे आणि ते खरं असायचं.

एका मंगळवारी सकाळी ते आलं. तुम्ही आमच्याकडेच होता, बाहेरच्या खोलीत लेकीला मांडीवर घेऊन. मी ओट्याशी उभी राहून फोनवर मेल उघडला. बावीस गावं. मे महिन्यापासून ऑगस्टच्या अखेरपर्यंत. शेवटच्या तीन कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करून त्याची सीडी काढायची. बाईनं लिहिलं होतं की तुमची गाणी तिनं गाडी चालवताना ऐकली आणि एका गाण्याला तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. बाहेरून तुमचा आवाज येत होता. तुम्ही लेकीच्या पोटावर बोटांनी ताल धरत होता आणि ती खिदळत होती.

मी तुम्हाला हाक मारली नाही. पूर्ण दिवस गेला. संध्याकाळी तुम्ही लुडविग्सहाफेनला परत गेलात. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या नावानं उत्तर लिहिलं. तुमचे आभार, फार आनंद झाला, पण तब्येतीच्या कारणानं यंदा शक्य होणार नाही. चार ओळी होत्या. व्याकरण बिनचूक होतं. खाली तुमची सही होती.

मी तुम्हाला सरळ विचारू शकले असते. मी त्यावर चौदा वर्षं विचार केला आहे. विचारलं असतं तर तुम्ही बहुतेक हो म्हणाला असतात. दौरा सोडला असतात आणि आला असतात. मग तो तुमचा त्याग झाला असता आणि मी जन्मभर त्याच्याखाली राहिले असते. मला उपकार नको होता, मला फक्त तुम्ही हवे होतात. आणि खोल कुठेतरी दुसरी भीती होती, की तुम्ही नाही म्हणाल. आई गेल्यावर पंधरा दिवसांत व्हॅन काढणारा माणूस माझ्यासाठी कशाला थांबेल, असं मला वाटत होतं. म्हणून मी विचारायचीच वेळ येऊ दिली नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात, तेव्हा लेकीसाठी खिमट ढवळत होता. मी पाठमोरी राहून म्हटलं, "बाबा, त्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं."

"आल्झो, असं तर," तुम्ही म्हणालात. चमचा थांबला नाही. मग थोड्या वेळानं, "कुणाला घेतलं?"

"कुणीतरी तरुण गायक आहे म्हणे."

हे 'तरुण' कुठून आलं मला माहीत नाही. कुणी विचारलं नव्हतं. खोटं खरं वाटावं म्हणून मी ते वर घातलं, आणि तेच तुम्हाला लागलं. तुम्ही गॅस बंद केलात, खिमट वाटीत काढलंत, फुंकर घातलीत. "बरोबर आहे त्यांचं," तुम्ही म्हणालात. "माझा आवाज आता जाड झालाय, मला कळतंय ते." मी नाही म्हटलं नाही. मग तुम्ही विचारलंत, "तू कामावर कधीपासून जायचं म्हणतेस?"

"एक तारखेपासून. पण हिचं काही ठरत नाही."

"हिला मी बघतो," तुम्ही म्हणालात.

इतकं सोपं झालं ते. तीन वर्षं तुम्ही सोमवारी सकाळी यायचात आणि शुक्रवारी जायचात. तुम्ही तिला बोलायला शिकवलंत, सायकल शिकवलीत, तिच्यासाठी भाकरी करायला स्वतः शिकलात. माझं काम चांगलं चाललं होतं. संध्याकाळी मी एस-बानमधून उतरून घरी यायचे तेव्हा दोघं जमिनीवर काहीतरी बांधत बसलेली असायची. मला फार सुख वाटायचं, बाबा. अपराधी वाटायला हवं होतं, पण आधी सुख वाटायचं आणि मग अपराधी.

पहिल्याच शरद ऋतूत फाल्त्समधल्या एका गावच्या वाइनफेस्टचं बोलावणं आलं. तिथे तुम्ही दरवर्षी गायचात. मी लगेच तुम्हाला सांगितलं, जास्तच उत्साहानं सांगितलं, शनिवारी आहे, ह्यांना सुट्टी आहे, जाऊन या. तुम्ही खेळाच्या मैदानावरच्या बाकावर बसला होता. "खरं सांग," तुम्ही म्हणालात, "माझ्या आवाजात काही झालंय का गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. लेक घसरगुंडीवर होती, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "तसं काही नाही. वयानं थोडा फरक पडणारच." तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "लिही त्यांना. आवाज बरा नाही म्हणून कळव." मी तिथेच फोनवर लिहिलं. ताप असताना अकरा माणसांपुढे गाणाऱ्या माणसाचा स्वतःहून दिलेला तो पहिला नकार. त्यानंतर तुम्ही स्टेजवर चढला नाहीत. गिटार लुडविग्सहाफेनच्या तळघरात गेली. लेकीला गाणी म्हणून दाखवायचात, पण दार लावून. मी बाहेर उभी राहून ऐकायचे. आवाजाला काहीही झालेलं नव्हतं.

तुम्ही गेलात ते न्यूमोनियानं. हॉस्पिटलमध्ये चौदा दिवस होता. चौदाही दिवस मी तुमच्याजवळ होते. एक नर्स फाल्त्सची होती. तिनं तुम्हाला ओळखलं. तिच्या लग्नाआधी, वाइनफेस्टमध्ये, तुमच्या गाण्यावर ती नाचली होती. "हळू आवाजात, एकच ओळ म्हणा ना," ती म्हणाली. तुम्ही ऑक्सिजनची नळी सारखी करून म्हणालात, "आवाज केव्हाच गेला माझा. आता नव्हे, चार वर्षं झाली." तीनच झाली होती. मी पाण्याची बाटली हातात घेऊन उभी होते. नर्स गेल्यावर तुम्ही डोळे मिटलेत. मी खुर्ची पुढे ओढली, 'बाबा' म्हणाले, तुम्ही डोळे उघडलेत, आणि मी विचारलं, पाणी देऊ का.

अंत्यसंस्काराला काउबॉय बूट घातलेली बरीच माणसं आली. पिसांचा माणूस साध्या कोटात आला होता आणि सगळ्यात जास्त रडला. आणि एक बाई आल्या, सात तास ट्रेननं. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली, उत्तरेकडच्या त्या आयोजक बाई. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "त्या वर्षी तुम्ही तब्येतीचं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तोच आजार होता का? इतकी वर्षं त्यांनी सोसलं?" हे शेजारी उभे होते. मी म्हटलं, "या." जर्मनमधलं हो. तोच आजार.

काल मी तुमच्या नातीच्या खोलीचं दार वाजवलं. तिला सगळं सांगितलं. मराठीत सुरू केलं आणि अर्ध्यावर जर्मनवर गेले, कारण मला तिला एकही शब्द चुकवू द्यायचा नव्हता. ती गादीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी म्हटलं, तुझ्यामुळे काहीही थांबलं नाही, मी थांबवलं. तिनं विचारलं, "आजोबांना कळलं होतं?" मी म्हटलं, नाही. तिनं तो मेल मागितला. मी तो कधी पुसला नव्हता. तिनं तो मोठ्यानं वाचला, गावांच्या यादीसकट. हुझुम, उल्झेन, गॉस्लार, मारबुर्ग... बावीसही गावं वाचली. मी पहिल्यांदाच ती सगळी ऐकली. त्या दिवशी ओट्याशी मी यादी पूर्ण वाचली नव्हती.

मग ती बराच वेळ रडली आणि मला जवळ येऊ दिलं नाही. आज सकाळी ती माझ्याशी न बोलता शाळेत गेली. तळघराची किल्ली मात्र मागून घेतली. तुमचं लुडविग्सहाफेनचं घर आम्ही सोडलं, तेव्हा तुमची गिटार मी इकडे आणून ठेवली होती. हे सगळं मी तिनं घरी यायच्या आत लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि तिला हे वाचायला देणार नाही. तिला मराठी वाचता येत नाही, हे मला आज बरं वाटतंय.

कारण काल मी खोलीतून बाहेर पडत असताना तिनं मला एकच गोष्ट आणखी विचारली होती. परत तशी वेळ आली, तर तू तेच करशील का. मी लगेच 'नाही' म्हटलं. मग तुमची ती तीन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे आली, तुम्ही दोघं जमिनीवर बसलेले, आणि मी दारात. बाबा, मी तिला खरं सांगितलं नाही.